परदेशातली स्की सहल आणि कुटुंबाचा प्रवास विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फातली सुट्टी ठरली की घरात चर्चा रंगते ती जॅकेटांची, बुटांची आणि कोण आधी पडणार याची. विम्याचा विषय निघतो तो बहुधा व्हिसाच्या अर्जासोबत एक कागद जोडायचा असतो म्हणून. पहिल्या खेपेला मीही तसाच विमा घेतला होता, सर्वांत स्वस्त आणि न वाचता. तिसऱ्या दिवशी पडले, अंगठा सुजून टम्म झाला आणि हॉटेलच्या खोलीत बसून एका हाताने मी ती पॉलिसी पहिल्यांदा उघडली. अपवादांच्या यादीत खालून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: हिवाळी खेळ वगळून. तेव्हापासून ओळखीचं कुणी स्कीला निघालं की माझ्याकडे चौकशी येते. त्यातले फिरून फिरून येणारे प्रश्न इथे आहेत. पॉलिसीगणिक तपशील बदलतो, त्यामुळे जिथे मी "बहुतेक" म्हटलंय तिथे आपल्या कागदावर काय छापलंय ते एकदा बघून घ्या.

आमच्याकडे प्रवास विमा आहेच. स्कीसाठी वेगळं काय घ्यायचं?

साधा प्रवास विमा हा फिरायला जाणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो. विमान चुकलं, बॅग हरवली, पोट बिघडलं, पायऱ्यांवरून घसरून हात मोडला, इथपर्यंत त्याची तयारी असते. स्की, स्नोबोर्ड, कधीकधी बर्फावरची घसरगाडीसुद्धा बहुतेक साध्या पॉलिसींत "धोकादायक खेळ" या सदराखाली बाहेर काढलेली असते. म्हणजे तोच हात हॉटेलच्या पायरीवर मोडला तर बिल मिळेल आणि उतारावर मोडला तर नाही.

त्यासाठी "हिवाळी खेळ" नावाचं जोड-संरक्षण असतं. कुठे ते थोडा जादा प्रीमियम भरून मूळ पॉलिसीला जोडता येतं, कुठे वेगळीच पॉलिसी घ्यावी लागते. विकणाऱ्याला विचारताना "स्की कव्हर आहे का?" एवढंच विचारू नका. "कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा" म्हणा. फोनवरच्या "हो हो, सगळं येतं" या वाक्याला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोंचा विमा काढला आहे. तो पुरेल ना?

व्हिसा मिळायला पुरेल. शेंगेनच्या नियमांनुसार त्या विम्यात तातडीचे उपचार, आणीबाणीत रुग्णालयात दाखल होणं, वैद्यकीय कारणाने मायदेशी परतणं आणि मृत्यू एवढ्या गोष्टी किमान 30,000 युरोंपर्यंत असाव्या लागतात. पण तुम्ही तिथे जाऊन काय करणार आहात, याच्याशी त्या अटीचा संबंध नाही. हिवाळी खेळ सरसकट वगळणारी पॉलिसी दाखवूनही व्हिसा मिळू शकतो. दूतावासाने कागद स्वीकारला म्हणजे विमा कंपनी दावा मान्य करेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आणि रक्कम? डोक्याला किंवा मणक्याला मार लागला, शस्त्रक्रिया झाली, काही दिवस अतिदक्षता विभागात गेले आणि नंतर वैद्यकीय विमानाने घरी आणायची वेळ आली, तर 30,000 युरो बघता बघता संपतात.

आम्ही सगळे नवशिके आहोत, सोप्या उतारावरच राहणार. एवढी काय भीती?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. आणि विचारणारे बहुधा वडील असतात!

नवशिका हळू जातो हे खरं, पण त्याला थांबता येत नाही. पडताना कसं पडायचं तेही कळत नाही. मोठ्या माणसांत गुडघ्याचे अस्थिबंध तुटणं ही स्कीवरची नेहमीची दुखापत. पायाला बांधलेली स्कीची पट्टी वळते, बूट तिच्याबरोबर वळतो, शरीर मात्र जुन्याच दिशेने जात राहतं आणि मधला गुडघा पिळला जातो. बूट वेळेवर सुटावा म्हणून पट्टीवरची बाइंडिंग, म्हणजे बुटाला धरून ठेवणारी पकड, वजन, उंची, वय आणि कौशल्यानुसार लावलेली असते. दुकानात वजन विचारतात तेव्हा लाजून पाच किलो कमी सांगू नये ते याचसाठी. (आपलं कौशल्य फुगवून सांगण्याचाही तोटाच होतो: बाइंडिंग घट्ट लावली जाते आणि पडल्यावर बूट सुटत नाही.) मुलांत नडगीचं हाड मोडण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं. स्नोबोर्डवाले पडताना हात टेकतात म्हणून त्यांची मनगटं जातात. काठीचा पट्टा हाताला अडकलेला असताना पडलं की अंगठ्याचा सांधा दुखावतो. त्या दुखापतीला नावच "स्कीअरचा अंगठा" आहे. माझा तोच.

अभिनेत्री नताशा रिचर्डसन 16 मार्च 2009 रोजी कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या माँ-त्राँब्लाँ इथे नवशिक्यांच्या उतारावर शिकवणी चालू असताना पडल्या. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उठल्या, बोलल्या, हसल्या, काही झालं नाही म्हणून आलेली रुग्णवाहिका परत पाठवली. कवटीच्या आत रक्तस्राव होत होता. दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. अशी घटना विरळाच, पण सोपा उतार म्हणजे बिनधोक उतार हे समीकरण तिथे मोडतं. डोकं आपटलं तर तपासणी करून घ्यायचीच, आणि ती करताना "बिल किती येईल?" हा विचार मनात येऊ नये याचसाठी विमा असतो.

डोंगरावरून खाली आणायचेही पैसे पडतात का?

देशागणिक, आणि कधीकधी दरीगणिक, उत्तर वेगळं.

फ्रान्समध्ये 1985 च्या पर्वतविषयक कायद्याने स्की अपघातातल्या बचावाचा खर्च संबंधितांकडून वसूल करायची मुभा स्थानिक नगरपालिकांना मिळाली. त्यामुळे तिथल्या स्की केंद्रांत उतारावरच्या बचाव पथकाने स्लेजवरून खाली आणलं तर बिल येतं आणि जागा जितकी दूर तितका दर चढतो. स्वित्झर्लंडमध्ये 1952 साली स्थापन झालेली रेगा ही हवाई बचाव संस्था लाल हेलिकॉप्टरं घेऊन येते. ती ना-नफा संस्था आहे, पण ना-नफा म्हणजे फुकट नव्हे. उड्डाणाचा खर्च विम्याकडून किंवा रुग्णाकडून घेतला जातो. ऑस्ट्रियातही हेलिकॉप्टरचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. अमेरिकेत उलटं दिसतं: स्की पेट्रोल, म्हणजे उतारावरचं गस्तीचं आणि मदतीचं पथक, तुम्हाला पायथ्यापर्यंत सहसा बिल न लावता आणून सोडतं. पायथ्याशी रुग्णवाहिकेचं दार उघडलं की मीटर सुरू.

हेलिकॉप्टर बोलवायचं की नाही हे तुम्ही ठरवत नाही. बचाव पथक ठरवतं, आणि तसंच असायला हवं. पाठीला मार असेल तर ते तुम्हाला विचारत बसणार नाहीत. म्हणून पॉलिसीत "शोध आणि बचाव" हे शब्द वेगळे छापलेले आहेत का आणि त्यापुढची रक्कम किती, हे पाहावं. कित्येक पॉलिसींत वैद्यकीय खर्चाचा आकडा डोळे दिपवणारा असतो आणि बचावाची उपमर्यादा मात्र चिमूटभर.

त्या देशातली सरकारी आरोग्यसेवा चांगली आहे. मग खाजगी विमा कशाला?

सेवा चांगली असणं आणि ती तुमच्यासाठी मोफत असणं या दोन गोष्टी निराळ्या.

युरोपातल्या रहिवाशांकडे असतं ते युरोपीय आरोग्य विमा कार्ड घ्या. ते सरकारी दवाखान्यातल्या उपचारांना उपयोगी पडतं. डोंगरावरचा बचाव, मायदेशी परत नेणं आणि खाजगी दवाखाने त्यात येत नाहीत. स्की गावांमधली क्लिनिकं अनेकदा खाजगीच असतात आणि रुग्णवाहिकेत पडलेला माणूस "मला सरकारीत न्या" म्हणायच्या अवस्थेत नसतो.

न्यूझीलंडचं उदाहरण याहून मजेशीर आहे. तिथे 1974 पासून अपघातभरपाईची सरकारी योजना चालते आणि ती पाहुण्यांनाही लागू होते. क्वीन्सटाउनजवळच्या उतारावर पाय मोडला तर तिथल्या उपचारांना तिची मदत मिळते. हे ऐकून लोक विमा टाळतात. पण त्याच सहलीत मुलाला न्यूमोनिया झाला तर? तो आजार, अपघात नव्हे. पाय बांधून घरी परतताना बदललेली तिकिटं, वाया गेलेलं हॉटेल, सोबतच्या माणसाचा मुक्काम, यातलंही काही त्या योजनेत बसत नाही.

पाय मोडला, प्लास्टर घातलं, विमानाने परत आलो. एवढंच ना?

ऐकायला एवढंच. आता विमानात बसायचं कसं ते बघा.

ताजं प्लास्टर घातलेल्या रुग्णाला बहुतेक विमान कंपन्या पहिले एक-दोन दिवस तसं चढू देत नाहीत. उंचीवर सूज वाढली तर घट्ट प्लास्टर रक्तप्रवाह अडवू शकतं, म्हणून ते लांबीने चिरून घ्यावं लागतं. पाय गुडघ्यात वाकत नसेल तर एका सीटमध्ये माणूस मावत नाही. पुढची रांग किंवा जास्तीच्या सीटा लागतात. प्रवासास योग्य असल्याचं डॉक्टरांचं पत्र लागतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शनं असू शकतात. गंभीर रुग्णाबरोबर नर्स किंवा डॉक्टर पाठवावा लागतो, आणि अगदीच गंभीर असेल तर स्वतंत्र वैद्यकीय विमान. हे सगळं परक्या भाषेत, रात्री अकरा वाजता, दोन रडणारी मुलं सांभाळत तुम्ही स्वतः जुळवणार का? विमा कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्राचं काम नेमकं हेच. माझ्या मते प्रीमियमपैकी अर्धे पैसे त्या फोन नंबरचे असतात.

एक बाजू मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर बहुतेकदा तिथल्या तिथे शस्त्रक्रिया होत नाही. पट्टा बांधून, कुबड्या देऊन घरी पाठवतात. सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी, शस्त्रक्रियेचा निर्णय होतो आणि मग महिनोन् महिने फिजिओथेरपी. प्रवास विमा साधारणपणे घराच्या उंबरठ्याशी संपतो. पुढचा खर्च घरच्या आरोग्य विम्याचा, म्हणून तोही चालू आहे ना आणि साहसी खेळातल्या दुखापतींबद्दल त्यात काय म्हटलंय, हे निघण्यापूर्वी बघून ठेवा.

लागलं एकाला. बाकीच्यांचा त्याच्याशी काय संबंध?

कुटुंबाने विमा का घ्यावा याचं उत्तर इथे आहे. एकटा माणूस पडला तर एकाची सहल संपते. चौघांच्या कुटुंबात एक पडला तर चौघांची.

समजा आई दुपारी तीनला पडली. तिला खालच्या दरीतल्या, तासाभराच्या अंतरावरच्या रुग्णालयात नेलं. एक मूल स्की स्कूलमध्ये आहे, ते चार वाजता सुटणार. दुसरं बाबांबरोबर, डोंगरावर वर नेणाऱ्या स्की लिफ्टवर. बाबा कुठे जाणार, रुग्णालयात की शाळेच्या फाटकाशी? शनिवारी खोली रिकामी करायची आहे, कारण स्की गावांत मुक्काम बहुधा शनिवार ते शनिवार विकला जातो आणि पुढचं कुटुंब दारात उभं असतं. आईला डिस्चार्ज मंगळवारी. हंगामात दुसरी खोली शोधायची, तीन तिकिटं बदलायची, मुलांची शाळा सोमवारी सुरू होणार.

म्हणून कौटुंबिक पॉलिसीत पुढच्या ओळी शोधा. रुग्णासोबत थांबणाऱ्याचा मुक्काम आणि परतीचा प्रवास. मागे राहिलेल्या मुलांना घरी पोचवण्यासाठी सोबत. एकच पालक बरोबर असेल आणि तोच पडला तर घरून दुसऱ्या नातेवाइकाला बोलवून घेण्याचा खर्च. न वापरलेले लिफ्ट पास, स्की स्कूलची फी आणि साहित्याचं भाडं. या शेवटच्या बाबतीत बारीक अक्षरं वाचा: काही पॉलिसी फक्त जखमी व्यक्तीचं नुकसान भरतात. त्याच्या उशाशी बसल्यामुळे बाकीच्यांचेही दिवस वाया गेले, हे त्यांच्या हिशेबात येत नाही.

"कुटुंब" या शब्दाची व्याख्याही वाचायची. मुलांची वयोमर्यादा किती, मोठी मुलगी कॉलेजला दुसऱ्या शहरात राहत असेल तर ती येते का, सावत्र मुलं, मामेभाऊ, मुलाचा मित्र? मित्र जवळजवळ कधीच येत नाही. त्याच्या आईवडिलांना वेगळी पॉलिसी घ्यायला लावा. तुमच्या पॉलिसीवरचं मूल एकटं शाळेच्या सहलीला गेलं तर त्याला संरक्षण राहतं का, हेही विचारून ठेवावं, कारण कित्येक ठिकाणी मुलांचा विमा पालक सोबत असतानाच लागू होतो.

आमच्या मुलाने कुणाला धडक दिली तर?

तर समोरच्याच्या उपचारांचा आणि नुकसानीचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. याला वैयक्तिक दायित्व किंवा थर्ड पार्टी संरक्षण म्हणतात आणि कुटुंबांचं याकडेच सर्वांत कमी लक्ष असतं.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा वर्तननियम 1967 पासून आहेत. त्यातला तिसरा सांगतो की मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही असाच मार्ग निवडायचा. पुढचा अचानक वळला ही सबब सहसा चालत नाही. दहाव्या नियमानुसार अपघातात सापडलेल्या सगळ्यांनी, साक्षीदारांनीसुद्धा, नावपत्ते एकमेकांना द्यायचे. युरोपातली न्यायालयं दोष ठरवताना या नियमांचा आधार घेतात.

इटलीने तर 1 जानेवारी 2022 पासून उतारावर थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. नसेल तर 100 ते 150 युरो दंड, शिवाय पास काढून घेतला जाऊ शकतो. तिकीट खिडकीवर लिफ्ट पाससोबत तो घेता येतो, पण तेवढ्याने फक्त समोरच्याचं नुकसान भरलं जातं, तुमचं नाही.

अशी प्रकरणं किती वर्षं चालतात? अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रो 2016 साली मुलांना घेऊन अमेरिकेत युटामधल्या डिअर व्हॅलीला गेल्या होत्या. तिथे एका स्कीअरशी त्यांची टक्कर झाली. त्याने लाखो डॉलरांचा दावा लावला. निकाल लागला मार्च 2023 मध्ये, आणि ज्यूरीने दोष दावा करणाऱ्याचाच ठरवला. पॅल्ट्रो यांनी उलट दाव्यात फक्त एक डॉलर मागितला होता, तो त्यांना मिळाला. जिंकायलाही सात वर्षं आणि वकिलांची फौज लागली. म्हणून दायित्वाच्या कलमात नुकसानभरपाईसोबत वकिलाचा खर्च धरला आहे का ते पाहा, आणि उतारावर भावनेच्या भरात "चूक माझीच" असं लिहून सही करून देऊ नका. मदत करा, नाव-पत्ता द्या, बाकीचं विमा कंपनीवर सोपवा.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. आखलेल्या वाटेबाहेर जातोच. काय करू?

त्याला अपवादांचं पान वाचायला द्या. गंमत नाही, खरंच द्या.

आखलेली, यंत्राने दाबलेली, खांबांनी सीमा दाखवलेली उतारवाट म्हणजे पिस्ट. त्यापलीकडचं सगळं ऑफ-पिस्ट. तिथे बर्फाखाली खडक असतात, हिमनदीवर भेगा असतात, गस्त नसते. कारशर्यतीतले विश्वविजेते मायकेल शूमाकर 29 डिसेंबर 2013 रोजी फ्रान्समधल्या मेरिबेलला स्की करत होते. सोबत 14 वर्षांचा मुलगा होता. दोन आखलेल्या वाटांच्या मधल्या पट्ट्यात, पिस्टपासून अवघ्या काही मीटरांवर, पट्टी खडकाला लागली आणि ते डोक्यावर आपटले. पलीकडे गेलोय असं वाटायच्या आतच माणूस पलीकडे असतो.

विमा कंपन्यांचे पवित्रे तीन. काही ऑफ-पिस्ट पूर्ण वगळतात, काही प्रमाणित गाइड सोबत असेल तरच मान्य करतात, काही स्की केंद्राच्या हद्दीत चालवून घेतात. पण बंदीचा फलक ओलांडून किंवा हिमस्खलनाचा इशारा धुडकावून गेलात तर कुठलीच पॉलिसी पाठीशी राहील असं समजू नका. युरोपात हिमस्खलनाचा धोका 1 ते 5 अशा पाच पायऱ्यांत जाहीर होतो. नवख्यांना 3 म्हणजे "मध्यम" वाटतो, मधला आकडा ना! प्रत्यक्षात त्या पातळीला "लक्षणीय" म्हणतात आणि जीवघेण्या हिमस्खलनांपैकी बरीचशी तिथेच घडतात.

हेल्मेट घातलं नव्हतं म्हणून दावा नाकारतात का?

पॉलिसीत हेल्मेटची अट असेल किंवा त्या देशाचा कायदाच ते मागत असेल, तर नाकारू शकतात. इटलीत 2022 पासून 18 वर्षांखालच्यांना आणि नोव्हेंबर 2025 पासून सगळ्यांनाच ते सक्तीचं आहे. घाला. केस बिघडतात, बिघडू द्या.

जेवताना थोडी वाइन चालेल?

अपघाताच्या कागदांत मद्याचा उल्लेख आला की दावा डळमळतो. इटलीत नशेत स्की करण्यावर कायद्यानेच बंदी आहे. पट्ट्या उतरवल्यावर हवी तेवढी घ्या.

आजी-आजोबा बरोबर आहेत, पण ते स्की करणार नाहीत. त्यांना हिवाळी खेळाचं संरक्षण लागेल?

खेळणार नसतील तर साधी पॉलिसी पुरते, पण घसरगाडीत नातवाला मांडीवर घेऊन बसण्याचा बेत असेल तर पुन्हा विचारा. तसं बघता आजी-आजोबांचा धोका खेळापेक्षा उंचीचा जास्त. फ्रान्समधलं वाल तोराँस 2,300 मीटरवर, तर अमेरिकेतलं ब्रेकनरिज 2,900 मीटरच्या आसपास. समुद्रसपाटीवरून एका दिवसात तिथे पोचलं की धडधाकट माणसाचंही डोकं धरतं, झोप उडते. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी, दमा, सगळं अर्जात लिहा. प्रीमियम वाढेल म्हणून लपवलेला आजार दाव्याच्या वेळी रुग्णालयाच्या कागदांतून बाहेर येतोच, आणि मग त्या आजाराशी संबंध नसलेला दावाही अडकू शकतो. एका ठरावीक वयानंतर, बहुधा साठीच्या पुढे, हिवाळी खेळाचं संरक्षण मिळणंच अवघड होतं, तेव्हा वयाची ओळ आधी बघा.

बर्फच पडला नाही तर पैसे परत मिळतात?

"पिस्ट बंद" असं कलम असेल तर काही प्रमाणात. पण अटी कडक असतात: केंद्र ठरावीक उंचीच्या वर हवं, सहल ऐन हंगामात हवी, आणि बहुतेक सगळ्या लिफ्ट ठरावीक तास सलग बंद असाव्यात. मग दिवसाला ठरलेली रक्कम किंवा शेजारच्या केंद्रापर्यंत जाण्याचा खर्च देतात. बर्फ पातळ होता, मजा आली नाही, याला भरपाई नाही. 2022 संपताना आणि 2023 उजाडताना युरोपात इतकी ऊब होती की आल्प्समधल्या कमी उंचीच्या कित्येक उतारांवर गवत दिसत होतं. सहल ठरवतानाच उंच जागा निवडणं हाच खरा उपाय.

जास्त बर्फाचं दुखणं वेगळं. जानेवारी 2018 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या त्सेरमाटचा रस्ता आणि रेल्वे हिमस्खलनाच्या धोक्यामुळे बंद पडली आणि सुमारे 13,000 पर्यटक गावात अडकले. परतीची विमानं निघून गेली. अशा वेळी कामी येतं ते प्रवास-विलंबाचं आणि चुकलेल्या विमानाचं कलम. मात्र विमा त्या संकटाची बातमी येण्याआधी काढलेला हवा.

मग विमा नेमका कधी काढावा?

पहिले पैसे भरले त्याच दिवशी. लोक निघायच्या आदल्या रात्री काढतात आणि तोवरच्या सगळ्या रद्दीकरणाचं संरक्षण फुकट घालवतात. स्की सहलीचे पैसे महिनोन् महिने आधी भरलेले असतात आणि मुलांना कांजिण्या नेमक्या निघायच्या आठवड्यात येतात. घरी राहिलेल्या आजींना दवाखान्यात दाखल करावं लागलं म्हणून सहल रद्द केली तर ते कारण धरलं जातं का, तेही बघा. याचं उत्तर "जवळचा नातेवाईक" या व्याख्येत सापडतं.

वर्षभराची पॉलिसी स्वस्त पडते का?

वर्षात दोन-तीनदा परदेशी जात असाल तर पडते. पण हिवाळी खेळाचे दिवस त्यात मोजून दिलेले असतात, अनेकदा दोन-तीन आठवड्यांच्या आसपास.

लिफ्ट पाससोबत रोजचा विमा मिळतो, क्रेडिट कार्डावरही आहे म्हणे. ते चालणार नाही?

लिफ्ट पाससोबतचा विमा उतारावरच्या बचावासाठी झकास आहे. कागदपत्रांचा त्रास कमी आणि स्थानिक पथकाला ओळखीचा. मी तो मुख्य पॉलिसीच्या जोडीला वरून घेते. पण सहल रद्द होणं, सामान, विमानाचा विलंब, मागे राहिलेली मुलं, हे त्याच्याकडून अपेक्षित धरू नये. कार्डावरच्या विम्याबद्दल तीन प्रश्न विचारा: त्याच कार्डाने तिकीट काढावं लागतं का, कार्डधारकाशिवाय कुटुंबातलं कोण येतं, आणि हिवाळी खेळ आहेत का. तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेकांची गाडी अडते.

पट्ट्या चोरीला गेल्या तर?

भाड्याच्या असोत वा स्वतःच्या, "लक्ष न ठेवता सोडलेल्या" वस्तूंचे दावे नाकारले जातात, आणि कॅफेबाहेर बर्फात रोवून ठेवलेल्या पट्ट्या नेमक्या याच व्याख्येत बसतात. जुनी युक्ती: दोघांनी एकेक पट्टी अदलाबदल करून दोन टोकांना ठेवायची. बेजोड जोडी कोण नेणार? तरी गेल्याच तर पोलिसांत किंवा केंद्राच्या कार्यालयात ताबडतोब नोंद करून कागद घ्या. बहुतेक कंपन्या 24 तासांत नोंद मागतात. स्वतःच्या जुन्या साहित्याची भरपाई घसारा कापून मिळते, फार आशा नको.

वजावट म्हणजे काय?

दाव्यातला पहिला ठरावीक हिस्सा तुम्ही भरायचा, त्याला डिडक्टिबल किंवा वजावट म्हणतात. स्वस्त पॉलिसीत ती मोठी असते. कुटुंबाने विचारायचा प्रश्न असा: ती एका घटनेला एकदाच कापणार की माणशी, आणि प्रत्येक कलमाला वेगळी?

अपघात झालाच तर पहिल्या तासात काय करायचं?

जखमीच्या वरच्या बाजूला दोन पट्ट्या फुलीसारख्या बर्फात रोवा, म्हणजे वरून येणाऱ्यांना दिसेल. त्याला हलवू नका, अंगावर जॅकेट टाका. लिफ्ट पासच्या मागे किंवा नकाशावर स्की पेट्रोलचा नंबर असतो, तो फिरवा. युरोपात 112 सगळीकडे चालतो. ऑस्ट्रियात डोंगरी बचावाला 140, स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेला 144 आणि रेगाला 1414. जवळच्या खांबावर पिस्टचं नाव आणि आकडा लिहिलेला असतो, तो सांगितला की पथक नेमकं तिथे येतं.

त्यानंतर, आणि मोठ्या उपचारांना होकार देण्यापूर्वी, विमा कंपनीच्या मदत केंद्राला फोन. जीव धोक्यात असेल तर अर्थातच आधी उपचार. त्यांच्या परवानगीशिवाय स्वतः बदललेली तिकिटं किंवा स्वतः ठरवलेलं रुग्णालय यांचे पैसे अडकतात. फोन केल्याची वेळ आणि मिळालेला संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. वैद्यकीय अहवाल, एक्स-रे, बचावाचं बिल, लिफ्ट पास, टॅक्सीची पावती, यातलं काहीही टाकू नका. फोटो काढून घरी कुणाला तरी पाठवून द्या. थंडीत फोनची बॅटरी अचानक मान टाकते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा.

पॉलिसी कुणाजवळ ठेवायची?

प्रत्येकाजवळ, मुलांजवळसुद्धा. एका छोट्या कार्डावर मुलाचं नाव, दोन्ही पालकांचे फोन, हॉटेलचं नाव, रक्तगट, ॲलर्जी, पॉलिसी क्रमांक आणि मदत केंद्राचा नंबर लिहा, प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून चेन लावा. बाहेरच्या खिशात लिफ्ट पास असतो, तो काढता-घालताना कार्ड बर्फात पडतं. आमचं असं दोनदा पडलं होतं.